कोकण किनाऱ्यावरील प्रवासी सायकल : रचना आणि सामान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा आहे. नकाशावर तो समुद्राला बिलगून जाताना दिसतो, त्यामुळे तो सपाट असावा असा समज होतो. प्रत्यक्षात हा रस्ता प्रत्येक खाडीपाशी समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पुन्हा चढतो, आणि हे दिवसातून तीन-चार वेळा घडते. या मार्गासाठी सायकल बांधून घेणारे, घरची जुनी सायकल त्यासाठी तयार करणारे आणि तयार सायकल निवडताना अडखळणारे, अशा सर्वांकडून रत्नागिरीत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रवासी सायकल इतर सायकलींपेक्षा नेमकी कशात वेगळी असते?

शर्यतीची सायकल एकट्या स्वाराचा विचार करून आखलेली असते, तर प्रवासी सायकल आखताना स्वार आणि त्याचे सामान मिळून एकच ओझे धरले जाते. हा एक फरक मान्य केला की बाकीचे बदल त्यातूनच निघतात. दोन चाकांमधले अंतर वाढते, टायर रुंद होतात, गिअर हलके होतात, चाकाच्या तारांची संख्या वाढते आणि कॅरिअर व मडगार्डसाठी फ्रेमवर मुळातच बोल्टची भोके ठेवली जातात. अशी सायकल रिकामी चालवली तर काहीशी जड आणि संथ वाटते. दुकानाभोवती एक फेरी मारून तिची पारख करू नये. मागे पंधरा किलो बांधून एक चढ आणि एक उतार करावा, मगच मत बनवावे.

रचनेची सुरुवात कोठून करावी? फ्रेमपासून की गिअरपासून?

दोन्हींपासून नाही, सुरुवात सामानापासून करावी. जे जे न्यायचे आहे ते घराच्या ओटीवर चादर पसरून मांडावे, स्प्रिंगच्या काट्याला एकेक पिशवी अडकवून वजन करावे आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. किनाऱ्यावर गावोगावी घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, त्यामुळे मुक्काम घरातच करणाऱ्याला कपडे, अवजारे, पावसाचे कपडे, औषधे आणि पाणी मिळून दहा-बारा किलोंच्या वर सहसा जावे लागत नाही. तंबू, अंथरूण आणि चूल सोबत घेतली की हेच ओझे अठरा ते वीस किलो होते. दहा किलोंची सायकल आणि वीस किलोंची सायकल या दोन वेगळ्या सायकली आहेत. पहिलीला मागचे एक कॅरिअर पुरते. दुसरीला पुढचे कॅरिअर, अधिक भक्कम फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि आणखी हलका गिअर लागतो.

सामान ठरल्यावर दुसरा प्रश्न असा विचारावा, की आपल्या वाटेवरचा सर्वांत खडा चढ कोणता? हर्णैच्या बंदरातून दापोलीला जाताना समुद्रसपाटीवरून जवळजवळ २४० मीटर उंची गाठावी लागते, पण ती बऱ्याच अंतरात विभागलेली असते. खरी परीक्षा खाडीकाठच्या आखूड चढांची असते. तेथे एक-दीड किलोमीटरातच रस्ता सड्यावर जातो आणि काही वळणांवर चढ दहा टक्क्यांच्याही वर असतो. सामानाचे वजन आणि हा चढ हे दोन आकडे हाती आले की सायकलीचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

गिअर किती हलके असावेत?

माझ्या मते या किनाऱ्यावर हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तयार सायकलींत सर्वाधिक चूक येथेच असते. म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

२६ इंची चाकाला रुंद टायर असेल तर एका फेऱ्यात ते साधारण २.०५ मीटर पुढे जाते. पुढची सर्वांत लहान चकती २२ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चकती ३४ दात्यांची असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.३३ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग ताशी ४.८ किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका होतो. आता अनेक तयार सायकलींवर असते ती जोडी घेऊ : पुढे ३४ आणि मागे २८ दाते. तेथे एका फेऱ्यात सायकल सुमारे २.४९ मीटर जाते आणि त्याच लयीत पॅडल मारायचे तर ताशी ९ किलोमीटरचा वेग ठेवावाच लागतो.

स्वार, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो वजन धरले, तर दहा टक्के चढावर पहिल्या जोडीने स्वाराला सुमारे १३७ वॉट शक्ती लावावी लागते, आणि दुसऱ्या जोडीने सुमारे २५६ वॉट. नियमित सायकल चालवणारा साधारण प्रकृतीचा माणूस पहिला आकडा बराच वेळ टिकवू शकतो. दुसरा आकडा दिवसातल्या चौथ्या चढावर टिकवणे सरावलेल्या स्वारालाच जमते. ज्याला तो जमत नाही तो पॅडलची लय निम्म्यावर आणतो, सारा भार गुडघ्यांवर घेतो आणि दोन दिवसांनी गुडघा धरून बसतो. गुडघे दुखू लागले म्हणून गणपतीपुळ्याच्या पुढे प्रवास सोडून परतलेले स्वार मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा दोष तब्येतीचा नव्हता, चकतीच्या दात्यांचा होता.

म्हणून पुढे ४४-३२-२२ किंवा त्याच्या जवळपासच्या तीन चकत्या आणि मागे ११ ते ३४ दात्यांच्या चकत्या अशी रचना मला योग्य वाटते. वरच्या टोकाचा गिअर थोडा कमी पडला तरी काही बिघडत नाही. उतारावर पॅडल न मारता बसून राहता येते. चढावर मात्र तसे करता येत नाही.

फ्रेम पोलादाचीच असावी का?

पोलादाला माझी पसंती आहे, पण ती ‘मोडली तर गावात वेल्डिंग करता येते’ या नेहमीच्या कारणासाठी नाही. पातळ भिंतीच्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाच्या) नळीला गेट-ग्रीलचे काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये डाग मारला, तर ती शेजारून पुन्हा तडकण्याची शक्यता राहते. असा डाग घरापर्यंत पोहोचण्यापुरता मानावा. पसंतीचे खरे कारण असे, की पोलादी फ्रेमला कॅरिअरचे कान, बाटल्यांची भोके आणि मडगार्डचे टेकू हवे तेथे जोडून घेता येतात, आणि गिअरचा मागचा हात (चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर नेणारा भाग) फ्रेमच्या ज्या कानाला लागतो तो आपटून वाकला तर बहुधा सरळही करता येतो. ॲल्युमिनियमची फ्रेम वाईट नसते. तिच्यावर मात्र गिअरचा हात ज्या सुट्या तुकड्याला लागतो तो तुकडा जास्तीचा सोबत ठेवावा.

धातूपेक्षा मापांकडे अधिक लक्ष द्यावे. पॅडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर शर्यतीच्या सायकलीत सुमारे ४१० मिलिमीटर असते, तर प्रवासी सायकलीत ते ४४० ते ४६० मिलिमीटर हवे. एवढ्या तीन-चार सेंटिमीटरनी दोन गोष्टी साधतात. पिशवीचे वजन मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे येते, आणि पॅडल मारताना टाच पिशवीला लागत नाही. टाच लागते की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी : भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, भरलेल्या पिशव्या अडकवलेल्या असाव्यात, आणि प्रवासात वापरायचेच बूट घालून पॅडल उलटे फिरवावे. टाच आणि पिशवी यांत दोन बोटे जागा राहिली पाहिजे.

२६ इंची चाक घ्यावे की ७०० मिलिमीटरचे?

गुळगुळीत रस्त्यावर ७०० चे चाक चांगले धावते. तरीही किनाऱ्यावरच्या लहान गावांचा विचार केला तर मी २६ इंचीकडे झुकतो. गावातल्या सायकल दुकानात दोन प्रकारचे टायर हमखास टांगलेले दिसतात : जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १½ इंची आणि मुलांच्या गिअरवाल्या सायकलीचा २६ इंची. यांतला दुसरा आपल्या ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. पहिल्याची रिम ६३५ मिलिमीटरची आणि ७०० च्या चाकाची ६२२ मिलिमीटरची असल्यामुळे ‘२८ इंची म्हणजे जवळपास तेच’ असे म्हणून कोणी तो चढवू लागला तर तो बसणार नाही, हे लक्षात असू द्यावे. टायर घेताना इंचांकडे न पाहता टायरच्या कडेवर छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचावा.

व्हॉल्व्हही मोटारसायकलीसारखा जाड घ्यावा, म्हणजे हवा कोणत्याही पंपावर भरता येते. टायरची रुंदी ४० ते ५० मिलिमीटर असावी. जांभ्याच्या खडीवर आणि उखडलेल्या डांबरावर एवढी रुंदी असली की हाताच्या पंजांना आराम मिळतो.

तारांबाबत जुन्या कारागिरांचे शहाणपण पाहण्यासारखे आहे. आपल्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, कारण ओझे मागेच येते हे त्यांना ठाऊक होते. आज ४० भोकांची रिम आणि गिअरचा हब (चाकाच्या मधला तुंबा) यांची जोडी मिळणे कठीण आहे, म्हणून दोन्ही चाकांना ३६ तारा घ्याव्यात. चाक हाताने विणून घ्यावे आणि पहिल्या १००–१५० किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्यावे. केळशीच्या अलीकडे माझी मागची एक तार तुटली तेव्हा जास्तीच्या तारा माझ्याकडे होत्या, पण तुटलेली तार गिअरच्या बाजूची होती आणि चकत्या उतरवण्याचे अवजार मी घरी ठेवले होते. ते अवजार शंभर ग्रॅमचेही नसते. चाक ब्रेकला घासू नये म्हणून ब्रेक सोडून, उरलेल्या तारा अंदाजाने ताणून, पुढचे अंतर मी चालत काढले.

सामान पुढे बांधावे की मागे?

वजन कोठे बांधले याने सायकलीच्या चालीत जो फरक पडतो, तो वजन किती आहे यापेक्षाही मोठा असतो. पहाटे भोंगा वाजवत येणारा पाववाला ज्या सायकलीवर येतो ती नीट पाहावी. मागच्या कॅरिअरवर रुंद टोपली, तिच्यावर प्लास्टिक, आणि सगळे जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेले. पाव आकाराने मोठा आणि वजनाने हलका असल्यामुळे उंच टोपली त्याला चालते. त्याच जागी तेवढ्याच उंचीवर पंधरा किलोंचा तंबू आणि भांडी ठेवली, तर उतारावर हँडल थरथरू लागते, आणि ती थरथर एकदा सुरू झाली की वेगाबरोबर वाढत जाते.

जड वस्तू खाली आणि दोन चाकांच्या मध्ये असाव्यात. दहा-बारा किलो सामानासाठी मागे दोन पिशव्या पुरतात; त्यांतल्या जड वस्तू तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. सामान पंधरा किलोंच्या वर गेले की काही भाग पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या उंचीवर, खालच्या कॅरिअरवर न्यावा. डाव्या-उजव्या पिशव्यांच्या वजनात अर्ध्या किलोहून जास्त फरक नसावा. पुढे वजन बांधल्याने हँडल जड होईल अशी भीती अनेकांना वाटते. पहिला अर्धा तास ते जड लागते, मग हाताला सवय होते आणि उतारावर सायकल रेषा सोडत नाही.

याची खात्री मला बागमांडल्याच्या धक्क्यावर पटली. ओहोटीची वेळ होती, उतरणीवर शेवाळ धरले होते आणि माझे सगळे सामान मागे होते. बोटीतून उतरून सायकल वर ढकलू लागलो तेव्हा पुढचे चाक जमिनीवरून उचलले गेले, हँडल आडवे झाले आणि पिशव्यांसह सायकल माझ्या अंगावर कलंडली. बोटीवरच्या खलाशाने हात दिला म्हणून ती पाण्यात गेली नाही. त्यानंतर पाण्याच्या बाटल्या आणि अवजारे मी कायमची पुढे घेतली.

कॅरिअर साधारण १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचे असावे आणि ते फ्रेमला चार ठिकाणी बोल्टने बसावे. सीटच्या दांड्याला चिमट्याने धरणारी कॅरिअर प्रवासासाठी घेऊ नयेत. बोल्ट ५ मिलिमीटरचे, गंज न धरणाऱ्या पोलादाचे घ्यावेत, आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाला पाना लावून पाहावा. कॅरिअर मोडण्याच्या किती तरी आधी बोल्ट सैल होऊन पडलेला असतो.

पिशव्या कोणत्या घ्याव्यात? घरी शिवता येतील का?

तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, शिवणीऐवजी चिकटवलेल्या जोडांच्या पिशव्या सर्वांत चांगल्या, पण त्या महाग असतात. ताडपत्रीचे काम करणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतलेल्या पिशव्याही उत्तम काम देतात. मात्र शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून पाणी आत येते हे गृहीत धरून आत प्लास्टिकची जाड पिशवी घालावी. पाठीच्या बाजूला प्लायवूडचा किंवा कडक प्लास्टिकचा पत्रा असावा, नाही तर पिशवीचा कोपरा तारांत जातो. वरच्या दोन आकड्यांबरोबर खाली एक अडकवणीही हवी, म्हणजे खड्ड्यातून जाताना पिशवी बाहेर फेकली जात नाही. वर आडवे सामान बांधायला जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी इतर कोणत्याही दोरीपेक्षा सरस ठरते. ती घसरत नाही, भिजून सैल होत नाही आणि वेळप्रसंगी टायरच्या चिरेला आतून अस्तर म्हणूनही लावता येते.

खाऱ्या हवेचा सायकलीवर किती परिणाम होतो?

फार होतो, आणि तो दिसतो उशिरा. बाहेरचा रंग चकचकीत असताना नळीच्या आत गंज धरलेला असतो. पाणी सीटच्या दांड्यातून आत उतरते आणि पॅडलच्या आसाच्या पेटीत साठते. फ्रेम बांधून घेत असाल तर त्या पेटीच्या तळाशी ५–६ मिलिमीटरचे एक भोक ठेवायला सांगावे. नळ्यांच्या आतून जवसाचे उकळलेले तेल फिरवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. तेल आत ओतावे, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवावी, उरलेले तेल निथळून जाऊ द्यावे आणि काही दिवस वाळू द्यावे. त्याचा आत पातळ, घट्ट थर धरतो. येथे खोबरेल वापरू नये. ते हाताशी असते आणि चेनलाही लावले जाते, पण ते वाळून थर धरणारे तेल नाही. त्यात धूळ मात्र बसते, आणि जांभ्याची तांबडी धूळ तेलात मिसळली की चेन घासणारा लगदा तयार होतो.

दुसरा धोका पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा बसवण्याचा. दोन वेगळे धातू आणि मधे खारे पाणी असले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते, आणि तीच भुकटी दांड्याला पाचरीसारखी आवळते. माझ्या पहिल्या सायकलीचा दांडा दोन पावसाळे मी हलवलाच नाही. तिसऱ्या वर्षी तो ना वर आला, ना फिरला. अखेर करवतीचे पाते आत घालून उभा चिरावा लागला आणि त्यात एक रविवार गेला. दांड्याला भरपूर ग्रीस लावावे आणि महिन्यातून एकदा तो काढून पुसून पुन्हा बसवावा. हीच काळजी पॅडलच्या आट्यांची घ्यावी.

तारा, बोल्ट, वॉशर गंज न धरणाऱ्या पोलादाचे असावेत; जस्ताचा मुलामा येथे फार टिकत नाही. वाळूवरून सायकल चालवण्याचा मोह मला समजतो, ओली वाळू घट्ट आणि सुंदर असते. पण त्या दिवशी मुक्कामाला पोहोचल्यावर आंघोळीच्या आधी सायकलीवर दोन बादल्या गोडे पाणी ओतावे, चेन फडक्याने कोरडी करावी आणि तेल द्यावे.

ब्रेक साधे रबरी असावेत की डिस्क?

कोरड्या दिवसांत रिमवर चालणारे व्ही ब्रेक पुरेसे आहेत. त्यांचे रबर लहान गावातही मिळते, आणि किनाऱ्यावरचे उतार आंबा किंवा कुंभार्ली घाटासारखे लांब नसल्यामुळे रिम तापण्याचा प्रश्न फारसा येत नाही. पावसात मात्र तांबडा चिखल रबरात रुतून रिम कानशीसारखी घासतो. पावसाळ्यात हिंडणाऱ्याने केबलवर चालणारे डिस्क ब्रेक घ्यावेत आणि पॅडच्या दोन जोड्या सोबत ठेवाव्यात. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक चांगले असतात, पण वाटेत बिघडले तर ते दुरुस्त करणारा हात जवळ सापडत नाही.

पावसाळ्यात प्रवास करावा का?

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलैमध्ये नवख्याने निघू नये. ऑक्टोबरच्या मध्यानंतर रस्ते वाळतात, हिरवळ शिल्लक असते आणि फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम जातो. पावसात निघायचेच असेल तर मडगार्ड पूर्ण लांबीचे, पुढच्याला पावलांपर्यंत येणारी रबरी झालर असलेले घ्यावे, आणि टायर व मडगार्ड यांत किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. यापेक्षा कमी जागा असेल तर जांभ्याचा चिखल तेथे भरून चाक अडवतो.

हँडल आणि सीट कशी असावी?

हँडल सीटच्या उंचीला किंवा किंचित वर असावे. वळणे सतत येतात, समोरून एसटी येते, म्हणून ज्या पकडीत आपण सर्वाधिक वेळ असतो त्याच पकडीत ब्रेक बोटांखाली यावा. खाली वळलेले हँडल वापरणाऱ्यांनी हे विशेष तपासावे. सीट फार मऊ घेऊ नये. मऊ गादी तासाभरात बसण्याच्या हाडांखाली दबते आणि कडा मांड्यांना घासू लागतात. चामड्याची सीट येथे घामाने आणि दमट हवेने ताण सोडते, तिला बुरशीही लवकर धरते. ती वापरणाऱ्याने रात्री सायकल बाहेर ठेवू नये.

फेरीबोट आणि रेल्वे यांच्यासाठी सायकलीत काही सोय करावी का?

आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड येथे फेरीबोटीतून सायकल सहज नेता येते. बोटीत सायकल कठड्याला बांधायला दोन पट्टे आणि ब्रेक दाबून ठेवायला एक रबर जवळ असावे; ब्रेक आवळलेला असला की सायकल घरंगळत नाही. लहान होडीत मात्र सायकल उचलून चढवावी लागते. त्यासाठी सगळ्या पिशव्या एका मिनिटात, अवजाराविना निघाल्या पाहिजेत आणि फ्रेमची आडवी नळी हाताने धरण्यासाठी मोकळी असावी.

कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीपासून पूर्ण लांबीने सुरू आहे, त्यामुळे एका बाजूचा प्रवास गाडीने करण्याची चांगली सोय झाली आहे. सायकल सामानाच्या डब्यातून बुक करून न्यावी लागते. तिच्यावर इतर बोजे पडतील असे धरून गिअरचा मागचा हात काढून चेनसह फ्रेमच्या आत बांधावा आणि पॅडल उतरवावेत. पिशव्या आपल्याबरोबर डब्यात घ्याव्यात.

घरातली जुनी सायकल या कामी येईल का?

बहुधा येईल, आणि मला स्वतःला हा मार्ग आवडतो. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी १९२८ पर्यंत सायकलींवर जगप्रदक्षिणा पुरी केली. आज अडगळीत पडलेल्या अनेक सायकली सोयींच्या बाबतीत त्या काळच्या सायकलींपेक्षा पुढे आहेत. पुढे झटके शोषणारी स्प्रिंग नसलेली, पोलादी फ्रेमची, २६ इंची जुनी गिअरवाली सायकल सापडली तर ती घ्यावी. तिच्या फ्रेमला तडे नाहीत ना, हे पॅडलच्या पेटीभोवती आणि हँडलखालच्या सांध्याशी रंग खरवडून पाहावे. मग खर्च या क्रमाने करावा : आधी मागचे चाक नवे विणून घ्यावे, त्यानंतर पुढच्या लहान चकत्या बदलाव्यात, नंतर कॅरिअर घ्यावे आणि शेवटी टायर. रंगकाम सर्वांत शेवटी आले तरी चालेल, पण नळ्यांच्या आतले जवसाचे तेल मात्र सुटे भाग बसवण्याच्या आधीच द्यावे, कारण एकदा पेटी बसली की ते देता येत नाही.